बंद जवारीची पॉन्टियॅक

॥ श्री ॥

ट्रॉय, मिशिगन
६ एप्रिल २०२५

चि. मालूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बर्फ वितळलं आणि माझी गाडी एकदाची गराजबाहेर आली. १९७१ ची पॉन्टियॅक, आठ सिलिंडरची, रंग पिकल्या जांभळाचा. शिकायला म्हणून इथे आलो त्या पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर उभा असताना अशी एक गाडी समोरून गेली होती. तिचा आवाज मला कानात नाही, पोटात ऐकू आला होता. तेव्हापासून मनात होती, आता दारात आहे. सुलेखाचं म्हणणं असं, की निवृत्तीनंतर लोकांचे नवरे देवळात सापडतात, आपला गाडीखाली सापडतो.

जुना एग्झॉस्ट गंजून चाळण झालाय. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत सगळं नवं बसवायचं आहे. दुकानदाराने तीन प्रकार ऐकवले. पहिला अगदीच गरीब गाय. तिसरा ऐकून सुलेखा दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. दुसरा मात्र मनात भरला. आरपार नळीचा सायलेन्सर, डावी-उजवी नळी स्वतंत्र, आणि आवाज आपल्या बाबांच्या भाषेत बंद जवारीचा: गोल, घुमारदार, कुठेही खरखर नाही. दुकानदार म्हणाला, जरा शार्प आहे, विचार करा. मला हसू आलं. ज्याने सगळा जन्म कंपनीत गाड्यांचे आवाज बंद करण्यात घालवला, ज्याला लॅबमध्ये नुसतं ‘कान’ म्हणून हाक मारत, त्याला हा शिकवतोय!

ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. त्यात गाडी न्यायचीच, आणि शेजारच्या सीटवर तू. फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

तुझ्यावर लोभ आहेच. तू थोडा गाडीवर ठेव.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१९ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसले. जन्मभर लोकांच्या गाड्या मुक्या केल्यास आणि म्हातारपणी स्वतःसाठी बोलकी आणलीस. आमच्या अनीशची गाडी विजेवरची आहे. मांजरासारखी येते नि जाते, आणि मी स्वयंपाकघरात दचकते. तुझी निदान सांगून तरी येईल.

बंद जवारी वाचल्यावर मिरजेचा कारखाना डोळ्यांपुढे आला. बाबा घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर इकडे-तिकडे सरकवून तंबोऱ्याची जवारी लावायचे. उघडी राहिली की तार खरखरायची, बंद झाली की गोल बोलायची. तू मागच्या दारी आंघोळ करत असलास तरी ओरडून सांगायचास की तिसरी तार अजून खरखरतेय. बाबा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत, माझ्या पुरुषोत्तमचा कान बघा म्हणून.

माझ्या क्लासला यंदा बऱ्याच मुली आहेत. मला मावशी म्हणतात आणि रियाझ स्किप केला तर चालेल का असं विचारतात. माझी स्वतःची पट्टी काळी पाचवरून काळी चारवर उतरली आहे. वय झालं, दुसरं काय.

गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. आणि तू दोन वर्षं फोन उचलत नाहीस पण पत्रं लांबलचक लिहितोस, म्हणून अनीशने जाहीर केलंय की मामा रोमँटिक आहे.

वहिनींना नमस्कार, रुहीला आशीर्वाद. माया पातळ करू नकोस.

तुझी,
मालू

॥ श्री ॥

ट्रॉय
१८ मे २०२५

चि. मालूस,
अनेक आशीर्वाद.

एग्झॉस्ट बसला आणि माझ्यावर किटाळ आलं. शेजारच्या कोवाल्स्कीबाईंनी वसाहतीच्या असोसिएशनकडे तक्रार केली. म्हणे गाडी सुरू झाली की त्यांचा पिरोगी सोफ्याखाली शिरून रडतो. पिरोगी म्हणजे कुत्रा, आकाराने वासराएवढा. असोसिएशनचं पत्र आलंय: ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी कमिटीची माणसं येऊन आवाज ऐकणार. त्यांना पटलं नाही तर गाडी वसाहतीत ठेवता येणार नाही. दुसरीकडे कुठे ठेवणार? म्हणजे विकावीच लागेल. मेळा त्यानंतर दोन आठवड्यांनी, आणि मी तिथे फुटपाथवर उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघणार!

घरचेही फितूर झालेत. रुही म्हणाली की बाबा, ऑनेस्टली, मिक्सरमध्ये चमचे फिरवल्यासारखं वाटतं. सुलेखा काही बोलत नाही, पण मी किल्ली उचलली की खिडक्या लावते. या लोकांना आवाजातलं काय कळतं? रुहीने रेकॉर्डिंग तुला ईमेल केलंय. तू बाबांची लेक आहेस. ऐक आणि माझ्या बाजूने चार ओळी लिहून पाठव, मी कमिटीपुढे ठेवीन.

जिव्हाळा आहेच, या वेळी साक्षही हवी.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

फ्रीमाँट
२७ मे २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राग आला तरी पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं. खालचा घुमारा खरोखर सुंदर आहे, तुझी निवड उगाच नव्हती. पण त्याच्यावर पत्रा कापावा तशी एक खरखर सतत चालली आहे. मला अर्ध्यावर हेडफोन काढावे लागले. कुत्र्याचं काही चुकलं नाही.

मग तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं. तू लिहिलं होतंस की कुठेही खरखर नाही, आणि तू खोटं लिहिणार नाहीस. म्हणजे दादा, तुला ती ऐकूच येत नाही. एवढं लक्षात आलं आणि बाकीचंही समजलं. फोन नको, पत्र लिही. गेल्या दिवाळीला मी तुमच्याकडे गायले, तार सप्तकात गेले, तेव्हा तू खाली बघून पायाने ठेका धरला होतास. तू तबला ऐकत होतास, मला नाही. मला वाटायचं तुला पत्रं आवडतात. फार वाईट वाटलं, आणि तू मला सांगितलं नाहीस याचा रागही आला.

चष्मा लावताना लाजला नाहीस, मग कानानेच काय घोडं मारलंय? गाडी वाचवायची असेल तर आधी कान तपासून घे. तुझ्या बाजूने मी हीच साक्ष देऊ शकते.

रागाव, पण तोडू नकोस.

तुझी,
मालू

ट्रॉय
२२ जून २०२५

प्रिय मालिनी,
स. न. वि. वि.

हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहितेय. तुझं पत्र आलं आणि घरात मौनव्रत सुरू झालं. जेवायला यायचे, जेवून गराजमध्ये जाऊन बसायचे. मीही बोलले नाही. दोन वर्षं मी ओरडून बोलतेय आणि ते मला, हळू बोल गं, असं म्हणत नाहीत, यातच मला सगळं कळलं होतं. पण ज्याची भाकरीच कानावर होती त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग एका सकाळी त्यांनी ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घातलं. आवाजाचा आलेख काढायची त्यांची जुनी पद्धत तुला माहीत आहे. आलेखात वरच्या बाजूला खरखरीचा हा एवढा सुळका दिसला. डोळ्यांना दिसतोय आणि कानाला नाही! मला हाक मारली आणि विचारलं की इथे तुला काही ऐकू येतं का. मी म्हटलं, येतं, शेजारच्यांनाही येतं. त्यावर ते एवढंच म्हणाले की मालू बरोबर होती. लोकांचं खोटं असू शकतं, आलेखाचं नाही, असा माणूस आहे हा.

दुसऱ्या दिवशी स्वतः अपॉइंटमेंट घेतली. कानाच्या डॉक्टरीणबाई कागद समजावून सांगू लागल्या, तर ह्यांनी तो आधीच वाचला होता. खालचे सूर ठणठणीत, वरचे गेलेले. कानाची यंत्रं पुढच्या आठवड्यात मिळतील. येताना गाडीत मी रडले आणि त्यांनी मला, आता ओरडायची गरज उरणार नाही, म्हणून चिडवलं.

तुला राग येऊ नये म्हणून कळवलं. आहेस तशीच राहा, आमची.

तुझी,
सुलेखावहिनी

॥ श्री ॥

ट्रॉय
५ ऑगस्ट २०२५

चि. मालूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जिंकलो! पण आधी क्रमाने सांगतो.

यंत्रं कानात घालून घरी आलो आणि पहिलं काम म्हणून गाडी सुरू केली. लगेच बंद केली. अगं, केवढा अत्याचार! तसाच सुलेखाने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा घेऊन कोवाल्स्कीबाईंकडे गेलो आणि माफी मागितली. कुत्र्याचीही मागितली. बाई म्हणाल्या की त्यांचे वडील गाड्यांच्या कारखान्यात होते, त्यांनीही यंत्रं लावायला असाच वेळ लावला होता. शंकरपाळे अर्ध्या तासात संपले.

मग पुन्हा दुकान. या वेळी एकट्याच्या कानावर विसंबायचं नाही असं ठरवलं. सुलेखा, रुही, कोवाल्स्कीबाई आणि पंच म्हणून पिरोगी. दुकानदाराने एकेक सायलेन्सर लावून ऐकवायचा आणि आम्ही कुत्र्याकडे बघायचं. मोठ्या पोटाचा एक लागला तेव्हा त्याने कान टवकारले, जांभई दिली आणि डोकं पंजावर ठेवलं. तोच पक्का केला. डाव्या-उजव्या नळीला मधे एक आडवी नळी जोडली, म्हणजे दोन्हींचे सूर एकमेकांत मिसळतात. शेवटी खरखर गिळणारी एक छोटी डबी. ती कुठे बसवायची ते मी ठरवलं, दोन बोटं पुढे, एक बोट मागे, सारखं ऐकत ऐकत. बाबांचा धागा सरकवणं हेच असणार.

शनिवारी कमिटी आली. गाडी सुरू केली. अध्यक्षांनी मागे जाऊन नळीजवळ कान नेला आणि मग विचारलं की एक चक्कर मिळेल का! कोवाल्स्कीबाईंनी तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली. पिरोगी त्यांच्या अंगणात गाढ झोपला होता.

बाकी, कुकरची शिट्टी किती भयंकर असते हे मी विसरलो होतो. सुलेखा अजून सवयीने ओरडते. सोळाला मेळा आहे. तिकीट काढ, सीट राखून ठेवलीय.

आता साक्ष नको, तू स्वतः हवीस.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

फ्रीमाँट
२४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. अनीशला फोटो दाखवले. तुझ्या गाडीसमोर रांगेने उभी असलेली माणसं पाहून तो आपल्या गाडीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतोय. मेळ्यात लोक हात करत होते आणि तू प्रत्येकाला बॉनेट उघडून दाखवत होतास. वहिनींनी मागच्या सीटवर डबा उघडून वाटलेली थालीपीठं मिशिगनच्या किती लोकांनी खाल्ली कुणास ठाऊक.

पण मला घरी परततानाचा रस्ता आठवतोय. रहदारी सुटली, काटा पंचेचाळीसवर स्थिर झाला आणि गाडीने जो सूर धरला तो माझी काळी चार होती. हुबेहूब. बाबांनी लावून दिलेला तंबोरा मांडीवर असल्यासारखं वाटलं. मी गायला लागले ते ठरवून नाही. खिडक्या उघड्या होत्या, वहिनी ताल देत होत्या, आणि मी वर चढत तार षड्जावर जाऊन थांबले. तू ठेका धरला नाहीस. समोर रस्त्यावर नजर ठेवूनच म्हणालास की मालू, षड्ज केसभर उतरलाय.

वहिनी तुझ्यावर चिडल्या. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरेना. दादा, कुणी माझ्या सुराची चूक काढून मला इतका आनंद आजवर झाला नव्हता. आणि खरंच उतरला होता.

आल्यापासून रोज पहाटे त्या षड्जावर बसतेय. रविवारी सकाळी फोन करीन. उचल. मी काही बोलणार नाही, नुसता षड्ज लावीन. या वेळी लागला की नाही, ते तू सांग.

लोभ आहे तसा राहू दे, आणि कानही.

तुझी,
मालू