वसंताचं खोकं

१७ जुलै, गुरुवार
वसंताने नोकरी सोडली. सदर भागातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातली, नऊ वर्षांची. सांगितलं कधी, तर सगळ्यांचा भात संपल्यावर. उपाशी निजायला नको कोणी, एवढी अक्कल आहे.
बर्डीच्या बाजारात पोट्टे चार आणे टाकून उभ्याने व्हिडिओ गेम खेळतात, तसलं खोकं हा बनवणार. लोकांच्या घरी ठेवायला. स्वस्तात. म्हटलं, "काहून रे, लोकायच्या घरी पोट्टे कमी बोंबलतात का?"
हसला. बापासारखा हसतो. बाप निदान सुतार होता.

१९ जुलै, शनि.
दुकानाच्या सेठचा निरोप, चिठ्ठीवर. पोळ्यापर्यंत वसंताचं स्टूल रिकामं ठेवतो, पोळ्याच्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत आला तर आला, नाही तर दुसरा बसवतो. माणूस वाईट नाही. सुनेने, कुंदाने, हा निरोप तीनदा वाचून दाखवला. वसंताला कान एकच असावा, आणि तो भिंतीकडे.

२२ जुलै
माझी खाट स्वयंपाकघरात. समोरच्या खोलीत प्लायवूड, करवत, एक जुनी टीव्हीची काच. खेळाचं कार्ड, म्हणजे आत बसवायची तारांची पाटी, मुंबईहून ट्रकने आलं, ते गावाबाहेर वाडीच्या गोदामातून सायकलवर आणलं. गोणपाटात गुंडाळून, पावसातून, जशी काही नवी नवरीच.
प्लाय पाहिलं. बोटाने दाबलं तर ओलं लागतं. सुताराच्या घरात हे. म्हटलं सागाचं कर. म्हणे, "माय वं, सागाचं केलं तर घेईन कोन?" बरोबर आहे, पण मी हो म्हटलं नाही.

२ ऑगस्ट, शनि.
खोकं उभं राहिलं. वसंताएवढं उंच. बर्डीवरचं मोजून आणलं होतं, जसंच्या तसं. मी विचारलं, घरात उभं राहून कोण खेळते? माणूस घरी येते ते टेकायला. तुझी पोरगी जेवते बसून, अभ्यास बसून, भांडते पण बसून.
तोंड फुगवून करवत उचलली. मग खालून दीड हात कापलं. आता चटईवर बसलं की काच बरोबर डोळ्यासमोर. नात बेबी खेळली, उठेचना. कुंदाने कान धरून उठवलं.
मला कोणी विचारलं नाही की हे कसं सुचलं.

५ ऑगस्ट
काळ्यापांढऱ्या काचेवर रंगीत कागद चिकटवला. वर लाल, खाली हिरवा. झालं रंगीत. रंगीत काच महाग पडते म्हणे. बघणाऱ्याला कावीळ झाल्यासारखं दिसतं. मागे भोकं पाडली गरम हवेसाठी, त्यातून रात्रीत झुरळं शिरली. मग दुधाच्या कपाटाची जाळी कापून भोकांवर ठोकली. दूध आता मांजरीचं.

९ ऑगस्ट, शनि.
पहिलं खोकं गेलं. धंतोलीत, एका डॉक्टरीणबाईंच्या घरी. खाली दवाखाना, वर घर. हातठेल्यावर दोरीने बांधून नेलं, मी सोबत. लाकूड कुठे टेकवतात ते बघायचं होतं.
डॉ.बाई : "आजी, तुम्ही पण खेळता का?"
मी : "मी शिव्या देते. तो खेळ वेगळा."
वसंताने त्यांना हिशेब समजावला. घरात पोरं दोन, रोज एक तास. बटनं दरवाज्याच्या घंटीची लावली आहेत, स्वस्त पडतात, पण एवढ्याला दोन वर्षं चालतील. त्यांच्या बहिणीला पण पाहिजे, शेजारच्या दोघींना पण. आधी हे कसं चालते ते बघू म्हणाल्या. शहाण्या आहेत.

१६ ऑगस्ट, शनि.
सात दिवस. दोन वर्षं नाही, सात दिवस. मुठीत धरून खेळायची दांडी मानेतून मोडली, तीन बटनं मेली. वसंता जाऊन खोकं परत घेऊन आला. तोंड राखेसारखं.
"माय, पूर्ण गल्ली खेळून राहिली तिथं."
गल्लीच नाही. दवाखान्यात यवतमाळ, चंद्रपूरचे पेशंट येतात, त्यांची पोरं जिन्यावर कंटाळून बसतात, ती पण वर. स्वयंपाकीणबाईची तीन. डॉ.बाई म्हणतात, नाही कसं म्हणायचं?
मी हसले. वाईट दिसतं, पण हसले. आपल्या घरी टीव्ही आला तेव्हा रविवारी कुठे बसायला जागा होती? आपण स्वयंपाकघरात जेवायचो आणि लोकांच्या चपला मोरीपर्यंत. दारात उभा राहून "या, या" कोण म्हणत होता? हाच. आणि आता हिशेब करतो, घरात पोरं दोन.
बर्डीवर चार आणे संपले की पोट्टं घरी जाते. इथे ते घरीच आहे. जाईल कुठे?

१९ ऑगस्ट
लोखंडी दांडी बसवली. जाड बटनं आणली. आता खोक्याची किंमत वाढली. कुंदा म्हणाली, "मग सेठचं काय वाईट होतं?" वसंताने ताट पुढे ओढलं. भाजीत मीठ नव्हतं, तरी सगळी संपवली.

२३ ऑगस्ट, शनि.
बेबी आणि तिच्या मैत्रिणींना दिवसभर खेळायला बसवलं, परीक्षा म्हणून. दांडी मोडली नाही. दांडी जिथे बसवली होती ते प्लाय फाटलं, कार्डाची तार तुटली. वसंता डोकं धरून बसला.
मला राहवलं नाही. म्हटलं, अरे गधड्या, पोरांच्या हातात दिलं म्हणजे काहीतरी मोडणारच. काय मोडायचं ते तू ठरव.
वसंताचा बाप, म्हणजे हे, जाऊन अकरा वर्षं झाली. यांचे पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल अर्ध्या महाल मोहल्ल्यात आहेत. बैल सागाचा, चाकं आंब्याची. नवी नवरी होते तेव्हा मीच बोलले होते, चाकं पण सागाची करा, काहून कंजूषी? तर म्हणाले, "चाक तुटलं पाहिजे वं. नाही तर बैलाचा पाय तुटते." दर वर्षी पोळ्याच्या आधी लोक दारात, चाकं द्या म्हणून. बैल एकदाच विकला, चाकं विकत राहिले. वसंताची शाळा त्या चाकांवर झाली. हे त्याला शाळेत शिकवलं नाही म्हणजे ठाऊक नाही.
एवढं बोलले आणि झोपायला गेले. घसा दुखतो.

२५ ऑगस्ट, सोम.
सकाळीच : "माय, बाबाच्या बैलाचं शिंग कसं बसवलं आहे?"
कोनाड्यात यांचा शेवटचा बैल. विकला नव्हता. शिंगाला पीळ दिला की निघतं, खाली निमुळतं, भोकात घट्ट. काढून हातावर ठेवलं. त्याने खोक्यात भोक पाडलं आणि दांडीच्या जागी तेच शिंग बसवलं. बेबीच्या मुठीत बरोबर मावलं. बैल आता एका शिंगाचा. दिसतो घाणेरडा.

३० ऑगस्ट, शनि.
नवीन तऱ्हा अशी. दांडी लाकडाची, जोरात ओढली तर तीच मोडते, आतलं काही नाही. पीळ द्या, काढा, दुसरी घाला. घंटीची स्वस्त बटनं परत आली, पण सगळी एका पट्टीवर, पट्टी दोन स्क्रूंवर. डॉ.बाई चमच्याच्या टोकाने काढतील. किंमत पहिल्याइतकीच. लाकडाच्या कातारीकडून दोन जादा दांड्या कातून आणल्या, पण त्या हातात खडबडीत लागतात, म्हणून खोक्यावर यांचं शिंगच राहिलं. मी परत मागितलं नाही.
वसंता म्हणे, पुढे लागतील तेवढ्या दांड्या फुकट देऊ. म्हटलं, दोन दे. तिसरी विकत. बापाने चाकं वाटली नाहीत.

१ सप्टेंबर, सोम.
खोकं धंतोलीला पोचवलं. डॉ.बाईंनी साफ सांगितलं. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सगळी पोरं बैल घेऊन त्यांच्या अंगणात येतात, मग वर खेळायला येतील. त्या दिवशी टिकलं तर बहिणीचं आणि शेजारच्या दोघींचं पक्कं. नाही तर हातठेला घेऊन या.
सेठची मुदत पोळ्याची. तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. म्हणजे खोकं टिकते की नाही ते कळायच्या आधी स्टूल जाते. देवाने पंचांग करताना वसंताला विचारलं नाही.

पोळा
कुंदाने पुरणपोळ्या केल्या, वसंताच्या शर्टाला इस्त्री केली. शर्ट पुढे ठेवला. तो घालता घालता : "माय, जाऊ का सेठकडे?"
"मले काय विचारतं? मी चौथी नापास."
सायकलवर गेला. तास दीड तासाने आला. म्हणाला, सेठ दुकानात नव्हता. कुंदा लगेच म्हणाली, "नसन, सणाचा दिवस आहे." सेठ सणाला दुकान उघडून गादीवर बसून असतो, अख्ख्या सदरला ठाऊक. इस्त्रीच्या शर्टावर पाठीला घामाचा थेंब नव्हता. सदरपर्यंत सायकल गेली नाही.
मी त्याला आणखी एक पोळी वाढली. पोळी चांगली झाली होती.

तान्हा पोळा
बेबी एका शिंगाचा बैल घेऊन गेली. पोट्टे हसले. ती एकाला चावली. बरं केलं.
वसंता सकाळपासून धंतोलीत. खिशात स्क्रू काढायचा पेचकस. म्हटलं, पेचकस कशाला, चमच्याने निघते ना? गेला तसाच.
आता तीन वाजले. अजून आला नाही. हातठेल्यावर खोकंही परत आलं नाही. कुंदा चौथ्यांदा दारात जाऊन आली. तिला म्हटलं, बस वं, उभं राहून ठेला लवकर येते का?
माळ्यावर यांचं आंब्याचं लाकूड पडलं होतं, चाकांसाठी ठेवलेलं. ऊन पडलं आहे तर खाली काढून अंगणात पसरलं. दांड्यांना नाही लागलं तर चुलीला होईल.