दोन ठोके

अंबरनाथ, ३ जून २०२४

ती. आण्णांस आनंदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. अर्धांगवायूनंतर बकुळाच्या उजव्या हाताची मूठ मिटत चालली आहे. सहाच्या आत घरी पोचलो तरच तिच्या बोटांचा व्यायाम होतो. नंतर ती थकून झोपते. शिड्यांच्या कारखान्यात आता काम उक्तं आहे. साठ शिड्या तपासून शिक्का मारला की सुट्टी. पण तुम्ही शिकवल्याप्रमाणे प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना हातोडीचा ठोका द्यायचा, वेल्डिंग खणखणीत वाजतं की बद्द ते ऐकायचं, यात आठ वाजतात. वीस वर्षं तुम्ही इथे हेच केलंत. काही युक्ती असेल तर कळवावी.

तुमचा,
आनंदा

खरवई, ७ जून

चि. आनंदास अ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी म्हणाली, हे भाऊजी आंघोळ झाली की नाही तेही देवाला दोनदा विचारतील! अरे, एकाच टोकाला ठोका दे. वेल्डर एक, हात एक; एक टोक पक्कं तर दुसरंही पक्कं. शेवटची दोन वर्षं मी तशीच काढली, एक शिडी परत आली नाही. देव काही कारखान्यात बसलेला नाही, तो तुझ्या बायकोच्या खाटेपाशी आहे. लवकर घरी जात जा. माझी माया आहेच, तूही ठेव.

आण्णा

अंबरनाथ, २२ जुलै

ती. आण्णांस सा. न.

पाचला सुटत होतो. बकुळाने परवा वाटी धरली. आणि काल मांजर्लीत सुजित नावाचा रंगारी आमच्या शिडीवरून पडला. पायरी उजव्या टोकाला सुटली. मी ठोका डावीकडे देतो. त्याला कमरेखाली काही कळत नाही. मालक वेल्डरला काढतो आहे; मला कुणी काही विचारलेलं नाही. गप्प राहिलो तर पाच वाजता घर आहे. आण्णा, तुमच्या हातून एकही कशी सुटली नाही?

आनंदा

खरवई, २६ जुलै

चि. आनंदास अ. आ.

शेवटची दोन वर्षं मला ठोका ऐकूच येत नव्हता. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो नाही. एका टोकाला हातोडी लावायचो, तीही लोकांना दिसावी म्हणून. शिड्या परत आल्या नाहीत हे नशीब होतं. मी त्याला अनुभव समजलो आणि तुला दिलं. दोष वेल्डरवर जाऊ देऊ नकोस. मी येऊन मालकाला सांगतो.

आण्णा

अंबरनाथ, १२ ऑगस्ट

ती. आण्णांस सा. न.

येऊ नये. शिक्का माझा, म्हणून मीच सांगितलं. वेल्डर राहिला. माझ्या शिक्क्याच्या शिड्या परत मागवल्या आहेत, त्या रोजच्या साठ झाल्यावर मीच तपासतो. तुमच्या दोन वर्षांतल्या शिड्या कुठे कुठे उभ्या आहेत, त्याची नोंद सापडत नाही. बकुळाची मूठ पुन्हा मिटली.

रविवारी सुजितच्या घरी गेलो. त्याच्या आईने ओळख नसताना चहा पुढे ठेवला. मी कोण ते सांगितल्यावर कप उचलून आत नेला.

लोभ असावा, असं या वेळी लिहवत नाही. नमस्कार तेवढा घ्यावा.

आनंदा