हसण्यावारी नेलेलं दुखणं

तीर्थरूप आईस,
रागातच नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. मावशीकडून कळलं, पाळी जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्या अंगावरून जातंय, आणि तू ‘परत तरुण झाले’ म्हणत हसण्यावारी नेतेस.

लॅबमध्ये कॅन्सरच्या गाठींचे तपासणीसाठी काप मीच करते. पूर्वी गर्भाशयाच्या तोंडाच्या गाठी जास्त यायच्या, आता आतल्या अस्तराच्या वाढल्यात. त्या बायकांनीही आधी हसण्यावारीच नेलेलं असतं.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्याला लगेच डॉक्टर मिळाला. तू मात्र दादाच्या सवडीची वाट बघ. ते काही नाही, उद्याच मावशीला सोबत घेऊन तपासणी करून ये.

लाज वाटते म्हणालीस म्हणे. काढलेली गर्भाशयं रोज माझ्या टेबलावर येतात, आई. तेव्हा कुणालाच लाज वाटत नाही.

तुझी चिडकी धाकटी