हॉलसाठी विनवणी

७ जानेवारी, मंगळवार

आला एकदाचा गावच्या हॉलचा कागद. ‘अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत इमारत रिकामी करून पाडावी.’ खाली शिक्का आणि कोंबडीने पाय ओढावा तशी सही. कडा ढासळतोय हे आम्हाला कळायला नगरपालिकेचा इंजिनीअर यावा लागला! गेल्या हिवाळ्यात समुद्राने चार हात जमीन गिळली. हॉलच्या मागच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं तर माणूस थेट खाली शिंपल्यांत.

इंजिनीअर पोरगा वाईट नाही. माझ्याकडे बसून बटाट्याचे दोन मिल्काव खाल्ले, तिसरा नको नको म्हणत घेतला. म्हणाला, “चौफुल्यावर नवा पत्र्याचा हॉल होतोय, बाई. तीन गावांना मिळून. तुमची सोयच होईल.”

चौफुला आमच्या किल्मावेपासून सात किलोमीटर. शाळा बंद केली तेव्हाही सोयच होणार होती आमची.

तर आज इथे लिहून ठेवते — हॉल पाडू देणार नाही. या बेटावर लाकडी घरंच्या घरं ओढून नेतात माणसं, बैल लावून. माझ्या बापाने स्वतःचं घर टेकडीवर नेलं, आत चूल पेटलेली असताना. मग हॉल काय जड आहे?

१२ जानेवारी, रविवार

सभा झाली. तेवीस घरांतून तेवीस माणसं आली. फुकट कॉफी होती, हेही आहेच.

मी सांगितलं, बंद शाळेच्या पटांगणात न्यायचा. चारशे पावलं, चढण आहे पण फार नाही. लगेच दुकानवाली मार्लेन उठली. “मावशी, अहो फळ्या कुजल्यात. ओढायला जाल आणि नुसती खिडकी हातात येईल.” सगळे हसले. वर म्हणाली, “नव्या हॉलात संडास आतच असणार आहे.” यावर पुष्कळ माना हलल्या.

“संडासासाठी सात किलोमीटर जाशील तू?” मी विचारलं. तेव्हाही सगळे हसले. आमच्या गावाला कुणाचंही चालतं, फक्त हसायला मिळालं पाहिजे.

मत घेतलं. न्यावा म्हणणारे चौदा, नको म्हणणारे आठ. बेलार्मिनो लेपिओ मागे भिंतीला टेकून टोपी घालून बसला होता. त्याने कशालाच हात वर केला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. नवीन काय त्यात, अकरा वर्षं तेच चाललंय.

चौदा! जिंकले मी.

१५ जानेवारी, बुधवार

मिंगा ठरली — पंचवीस तारीख, शनिवार. सगळ्यांनी हात लावायचा, मजुरी कुणाला नाही, नंतर पोटभर जेवण. दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद लावला. रेडिओवरही दिलं, रोज सकाळी निरोपांच्या वेळात सांगतात. ऐकताना छाती फुगली माझी. खोटं का बोला!

२५ जानेवारी, शनिवार

तीन माणसं.

सुतार सोफानोर आणि त्याची एक बैलजोडी. मी. आणि ओद्विनाकाकू, वय वर्षं चौऱ्याऐंशी, हातात काठी.

ऐंशी जणांचा स्वयंपाक मांडला होता मी. खड्डा खणून दगड तापवले होते, वर झाकायला नाल्काची रुंद पानं तोडून ठेवली होती, शिंपल्या टोपल्या भरभरून. दहा वाजले, अकरा वाजले. वरच्या घरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता, म्हणजे सगळे घरीच होते. एकाने तर खिडकीचा पडदा सरकवून पाहिलं आणि परत ओढून घेतला.

सोफानोर म्हणाला, “बाई, बैल सोडू का? उन्हात उभे आहेत बिचारे.”

शिंपल्या जिवंत होत्या. परत खाली नेऊन ओहोटीच्या पाण्यात ओतल्या. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

२६ जानेवारी, रविवार

चर्चमधून येताना कुणाशी बोलले नाही. ढोंगी सगळे. हात वर करायला काय जातं?

ओद्विनाकाकू मागून काठी आपटत आली. म्हणाली, “थांब गं जरा. एवढी तरातरा निघालीस ती? लोक आले नाहीत म्हणून चिडलीस होय? त्यांना बोलावलं कुणी?”

“बोलावलं कुणी म्हणजे? आठवडाभर रेडिओ ओरडत होता!”

“रेडिओ माझ्या दारात येऊन टोपी काढतो का? माझ्या चुलीपाशी बसतो का? तुझा बाप घर ओढायला निघाला तेव्हा प्रत्येक दारात गेला होता. माझ्याकडे दोनदा आला, पहिल्यांदा माझा नवरा समुद्रावर होता म्हणून. विनवणी केल्याशिवाय कसली मिंगा?”

मी म्हटलं, “काकू, ते त्याचं घर होतं. हॉल माझा थोडाच आहे? हॉल सगळ्यांचा.”

“मग सगळ्यांनी जाऊन कुणाला विनवायचं? स्वतःलाच?” आणि मग मऊ झाली थोडी. “ज्याचं घर तो दारोदार जातो. हॉलला कुणी धनीच नाही, म्हणून कुणाच्या दारात कुणी गेलं नाही. तू हो धनीण. पण नीट विचार कर. जो विनवतो तो बांधला जातो. जितके येतील तितक्यांच्या हाकेला तुला जावं लागेल, आणि नाही म्हणता येणार नाही. मरेपर्यंत.”

घरी येऊन चपला न काढताच खुर्चीत बसले. सभा, मतं, शिक्के, कागद यांत इतकी वर्षं घालवली की विनवायचं असतं हेच विसरले. इथे जन्मलेली मी! शहरातून आलेल्या बाईने असं केलं असतं तर तिला मीच हसले असते.

२७ जानेवारी, सोमवार

सुरुवात केली. पाच दारं झाली.

गेल्या गेल्या विषय काढायचा नाही. बसायचं. बटाट्यांवर कीड आहे का विचारायचं. सफरचंदाची चिचा, घरची दारू, देतात ती प्यायची. दुसरा पेला समोर आला की मग सांगायचं, “मी विनवायला आलेय.” घरातल्यांना कधीच कळलेलं असतं, तरी ते दचकल्यासारखं करतात. पाच दारं म्हणजे दहा पेले. अक्षर तिरकं येतंय, येऊ दे.

२८ जानेवारी, मंगळवार

मार्लेन. मुद्दाम आधी उरकलं. दुकानात नाही, मागच्या दाराने घरात गेले. ती पिठाने भरलेले हात पुसत आली.

“मावशी, तुम्ही स्वतः?”

“हो. हॉलसाठी विनवायला आलेय.”

“माझं मत विरोधात होतं, विसरलात?”

“मत नाही मागत. हात मागतेय.”

तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाली, “नवरा येईल, दोन्ही दीर येतील. मीही येईन. पण संडास आत बांधायचा, कबूल?”

कबूल केलं. मनात म्हटलं, बाई, तू मागशील तर हॉलात दोन बांधीन.

३१ जानेवारी, शुक्रवार

एकवीस दारं झाली. एकानेही नाही म्हटलं नाही. जे पंचवीस तारखेला पडद्यामागून बघत होते तेच आज दारापर्यंत सोडायला आले. आठ फेब्रुवारीचा शनिवार ठरला.

एकच दार राहिलं. बेलार्मिनोचं.

त्याच्या दोन जोड्या या किनाऱ्यावर सगळ्यात ताकदीच्या, हे एक. आणि एक घर वगळून मिंगा होत नाही, हे दुसरं. त्याच्याकडे न जाता निभावता येईल का, याचा विचार करत मी तीन दिवस काढले. नाही येणार.

खरं काय ते निदान या वहीत लिहावं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या डुकरांनी माझं बटाट्याचं वावर उकरलं होतं आणि तो हसला होता. दोन महिन्यांनी त्याची बायको ओतिलिया वारली. घर लहान म्हणून नऊ दिवसांची प्रार्थना हॉलात ठेवली होती. अख्खं गाव गेलं. मी एकही दिवस गेले नाही. ओतिलियाने माझ्या लेकीच्या बाळंतपणात हात दिला होता. डुकरांवरून मी तिच्यासाठी नऊ दिवसांत एकदा गुडघे टेकले नाहीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

गेले. तो कुंपणाशी कोयता घासत होता. बस म्हणाला नाही, मी उभीच. बटाट्यांचं विचारलं. तो कोयता घासत राहिला. चिचा-बिचा काही नाही. मीच शेवटी बोलले की विनवायला आलेय.

“त्या हॉलात मी नऊ दिवस दाराकडे बघत बसलो होतो,” तो म्हणाला. “पडू दे तो हॉल.”

परत आले. रागाने नाही. राग यायला आधी हक्क लागतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा गेले. या वेळी हॉलचं नावच काढलं नाही. फाटकातच सांगितलं, “बेलार्मिनो, मी चुकले. ओतिलियासाठी यायला हवं होतं. आले नाही, कारण माझा स्वभाव वाईट आहे. दुसरं कारण नाही.”

पायांत येणाऱ्या कोंबड्या त्याने हुसकावल्या. मग म्हणाला, “डुकरांचं मी हसायला नको होतं.” आणि आत गेला.

हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. पण मला रात्री झोप लागेल असं वाटतंय, अकरा वर्षांचं ओझं होतं ते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाऊस नाही. शिंपल्या पुन्हा टोपल्यांत. उद्या!

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातला हॉलवर पोचले तर पायरीवर बेलार्मिनो बसलेला. बैल जुंपून तयार, दोन्ही जोड्या. सगळ्यांच्या आधी. मला म्हणाला, “किल्ली दे.” एकटा आत गेला, थोडा वेळ थांबला, बाहेर येऊन किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मग लोक आले. चौदा जोड्या, सत्तर-ऐंशी माणसं, शेजारच्या गावचेही बघायला म्हणून आलेले आणि दोराला लागलेले. सोफानोरने आदल्या आठवड्यात चूल काढून, आतून आडव्या तुळया ठोकून हॉल घट्ट केला होता. खाली दोन लांब ओंडके सरकवले, साखळ्या बांधल्या. सोफानोर जोत्यावर चढून ओरडला. बैलांनी माना खाली घातल्या, आणि हॉल जागचा हलेना. पुन्हा ओरडला. पुन्हा नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहिणार नाही.

तिसऱ्यांदा कुठेतरी कर्रकन आवाज झाला आणि हॉल निघाला! हात-दीड हात. मग पाच हात. मग चालायलाच लागला, डुलत, जाड बाई बोटीतून उतरते तसा. चढणीवर मागची एक खिडकी चौकटीसकट खाली आली. मार्लेनने उचलली आणि माझ्याकडे घेऊन आली. “बघा मावशी, आली की नाही हातात?” डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्याही. आम्ही दोघी ती खिडकी धरून रस्त्यात उभ्या, वेड्यासारख्या.

तीन वाजता हॉल पटांगणात होता. मग खड्डा उघडला. एवढं जेवलेलं गाव मी पूर्वी कधी पाहिलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

उठता येत नाही. हात, पाठ, सगळं. ओद्विनाकाकू येऊन म्हणाली, “झालीस का धनीण?” झाले. आता तेवीस घरांचं गाव आहे आणि त्याच्या मधोमध हॉल आहे. मंगळवारी नगरपालिकेला पत्र लिहायचं — पाडायला मशीन पाठवू नका, तिथे काही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बेलार्मिनो आला होता. विनवायला.

त्याला घर हलवायचंय. चौफुल्यावर, लेकीच्या शेजारी. गुडघे गेलेत, बस दारात थांबते, दवाखाना जवळ. त्याने ऑक्टोबरातच ठरवलं होतं. “तू माझ्या दारात आली नसतीस, तर कुठल्या तोंडाने मागितलं असतं मी?” म्हणाला. “सगळ्यात आधी तुझ्याकडे आलो.”

मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणता येत नव्हतं, आणि त्याला पाहून म्हणावंसंही वाटलं नाही. तो गेल्यावर खूप रडले. १ मार्च, शनिवार. चौदा जोड्या, सात किलोमीटर. किल्मावेत बावीस घरं उरतील. दोराला पहिला हात माझा.