टाळ्या न वाजवणाऱ्या पाचजणी

न्यूकॅसल,
१४ जून १९९३

ती. मेव्हिसमावशीस,
हेस्टरचा सा. न. वि. वि.

टीव्हीवर आमची ‘रविवारची गाणी’ संपल्यावर जी नावं सरकतात त्यांत माझं नाव का दिसत नाही, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा हवापाण्यावर लिहून वेळ मारून नेली. आता खरं सांगते. मी त्या कार्यक्रमात नाही. मला तळघरात, जुन्या फितींच्या कोठारात बसवलं आहे.

मावशी, खाली बसून वाच. पडद्यावर तुम्हा सगळ्यांना ‘माझ्या लाडक्या बायांनो’ म्हणणाऱ्या लायनेल थ्रॉपने मार्चमध्ये चित्रीकरणाच्या गाडीत माझी वाट अडवली आणि अंगाशी आला. मी ढकललं, तेव्हा त्याचं डोकं फळीवर आपटलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांदेखत ‘कुठे गेली ती मठ्ठ गाय’ म्हणून माझा उद्धार सुरू झाला.

मी आमच्या विभागप्रमुख कॅथकार्टबाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या की लायनेल जुन्या वळणाचा आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मग चौकशी झाली. मला विचारलं की मी त्याच्या विनोदांना हसत होते का. त्याला काय विचारलं देव जाणे. शेवटी ‘तुझ्याच भल्यासाठी’ बदली माझी झाली, आणि त्याच आठवड्यात त्याचा करार वाढवून केक कापला. त्यातला एक तुकडा तळघरात माझ्याकडेही पाठवला, मावशी!

आईला इतक्यात कळवू नकोस. गुडघा जप.

तुझी माया अशीच पाठीशी राहो.
तुझी,
हेस्टर

हॅलोबर्न,
२० जून १९९३

चि. हेस्टर हिस,
मावशीचे अ. आ. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तू तळघरात बसतेस, तिथे ओल असणार, लोकरीचे मोजे पाठवते आहे. रंग आवडणार नाही, तरी घाल.

पण पोरी, तुझा काही गैरसमज तर झाला नाही ना? तुझे काका गेले त्या हिवाळ्यात या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता तो फक्त लायनेलचा. असा माणूस असं करेल? तूही लहानपणापासून तिखट, पाद्रीसाहेबांनी गाल ओढला तर त्यांना चावली होतीस. सप्टेंबरात सुगीच्या सणाच्या चित्रीकरणाला तो आमच्या चॅपलमध्ये यायचा आहे. मी ज्यांच्याकडून गाऊन घेते त्या गायकवृंदातल्या बाया आत्तापासून केस सेट करायच्या गोष्टी करताहेत. मी त्यांना काय सांगू?

रागावू नकोस. तब्येतीचं कळव.
तुझं भलं चिंतणारी,
मेव्हिसमावशी

न्यूकॅसल,
२४ जून १९९३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. गैरसमज हा शब्द कॅथकार्टबाईंनीही वापरला होता. त्या गाडीत दोन माणसं नीट उभी राहत नाहीत, मावशी, गैरसमजाला जागा कुठून असणार? आणि पाद्रीसाहेबांचा गाल ओढण्याचा उत्साह सगळ्या मुलींना ठाऊक होता. चावले मी एकटीच.

तुझ्या घरी येतो तो काचेपलीकडचा लायनेल. तुम्ही खुशाल गा. फक्त तुमच्यातल्या तरण्या मुलींना त्याच्यापाशी एकटं सोडू नकोस. एवढं माझ्यासाठी कर.

लोभ आटू देऊ नकोस, मी भांडले तरी.
हेस्टर

हॅलोबर्न,
१९ सप्टेंबर १९९३

चि. हेस्टर हिस,
अनेक आशीर्वाद आणि एक माफी. वि. वि.

काल चित्रीकरण होतं. तुझं म्हणणं मनात होतं म्हणून मी डोळे उघडे ठेवले. लायनेलला चहा हवा झाला की एखादी मुलगी नाही, विल्फ नावाचा दांडगा दिवेवाला कप घेऊन जायचा. त्याच्या हातात तो कप बाहुलीचा वाटत होता. मी हसून विचारलं की तुमच्याकडे मुली कामचुकार आहेत की काय. तो बिचारा सहज सांगून गेला की वरून तोंडी हुकूमच आहे, साहेबांकडे मुलगी एकटी पाठवायची नाही, आमच्या त्या हेस्टरचं प्रकरण झाल्यापासून तर नाहीच.

पोरी, माझ्या डोक्यात तिडीक गेली! म्हणजे यांना ठाऊक आहे. चहाचा बंदोबस्त केला, माणसाचा नाही. आणि तुला विचारतात, तू हसत होतीस का!

मी गायकवृंदापुढे उभी राहिले, पण हात उचललाच नाही. कॅमेरा चालू होता. मी लायनेलला म्हटलं की हेस्टर माझी भाची, तिला तळघरात का बसवलं ते आधी सांगा, मग गातो. त्याने ते त्याचं प्रसिद्ध हसू काढलं आणि म्हणाला की आमच्या मावशीबाई आज दमलेल्या दिसतात. गायकवृंदात मागच्या रांगेतल्या डॉर्कसने तेवढ्यात गाण्याचं पुस्तक फटकन मिटलं. मग सगळ्यांनी मिटली. केस सेट केलेल्यांनीसुद्धा!

आज तुमच्याकडचे एक साहेब फुलं घेऊन आले. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे का, असं विचारत होते. मी फुलं परत दिली आणि म्हटलं, थ्रॉपना द्या, त्यांनाच विश्रांती द्या.

तुझ्यावर आधीच विश्वास ठेवायला हवा होता. मावशीवर राग धरू नकोस.
तुझी,
मेव्हिसमावशी

न्यूकॅसल,
५ डिसेंबर १९९३

ती. मावशीस,
सा. न. आणि गळामिठी. वि. वि.

हॅलोबर्नची बातमी इथे जिन्याजिन्यावर पोहोचली. त्यानंतर एकेक करून चौघीजणी तळघरात आल्या. रंगभूषेची आयव्ही, हिशेबातली एक, आणि दोघी तर माझ्या प्रकरणाआधीच नोकरी सोडून गेलेल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच. आम्ही पाचजणींनी मिळून संचालकांकडे तक्रार दिली.

तर निकाल ऐक. शुक्रवारी जाहीर झालं की लायनेल थ्रॉप ‘घरच्यांना वेळ देण्यासाठी स्वेच्छेने’ जात आहेत. आमच्याबद्दल एक अक्षर नाही! वर सगळ्यांना हुकूम, मुख्य दालनात दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवा. आम्हीही जाऊन उभ्या राहिलो, त्या सोडून गेलेल्या दोघीसुद्धा. हात खिशात. तो आमच्यापाशी आला तेव्हा आमच्या समोरच्या रांगेचे हात थांबले. मग पुढचे थांबले. शेवटी एकट्या कॅथकार्टबाई वाजवत राहिल्या, आणि मग त्यांनाही आपल्या एकटीच्या टाळ्या ऐकू आल्या. दारापर्यंत तो मान खाली घालून गेला.

मला परत वर घेतो म्हणाले, पण आधी गप्प राहण्याच्या कागदावर सही हवी. मी केली नाही. नोकरी राहील न राहील.

काल पेपरात आलं की वसंतात तो दुसऱ्या वाहिनीवर झळकणार, तिथे त्याचं जंगी स्वागत आहे. रक्त उकळलं. मग आयव्हीने चौकशा करून काढलं की त्याची तिथली नवी मदतनीस कोण. बावीस-तेवीस वर्षांची पोर आहे, पहिलीच नोकरी. आज दुपारी आम्ही पाचजणी तिला जाऊन भेटलो आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग वही काढून तिने आमच्या घरच्या फोनचे नंबर लिहून घेतले. निघताना म्हणाली की तुम्हाला कुणी असं आधी येऊन सांगितलं असतं तर.

तुझ्या आशीर्वादाची गरज आता आम्हा सहाजणींना आहे.
तुझी,
हेस्टर