मोलिनो, कानोआ आणि चार न्योकी

पायसान्दू, ३१ मे १९८८

ती. अन्सेल्मोदादास धाकट्या बहिणीचा सा. न. (संघ हरला म्हणून तुझं वय काही कमी होत नाही.)

तू सालतोला सुखरूप पोचल्याचं बसच्या कंडक्टरकडून कळलं, तुझ्याकडून नाही. रविवारी एकोणतीस तारीख, दर महिन्याचा न्योकी खायचा दिवस, म्हणून मी सकाळपासून बटाटे उकडून, पिठात मळून त्या गोळ्या वळत बसले, आणि तू एकही न खाता उठलास! मान्य, तिबुर्सिओने तुझ्या ताटलीत मोजून चारच वाढल्या. त्याच्या कानोआने तुझ्या मोलिनोला गोल मारले तेवढ्याच, याहून जास्त तुला पचायच्या नाहीत, असं वर म्हणाला. माझ्या नवऱ्याचं तोंडच मेलं तसं. पण साठीला आलेल्या पोस्टमास्तरने टोपी घालून दार आपटत जावं? शेजारच्या एउलोहियाबाई विचारत होत्या, कोणी गेलं का. मी म्हटलं, हो, मोलिनो.

लोभ असावा, राग सालतोतच ठेवावा.
तुझी ओफेलिया

सालतो, ६ जून १९८८

चि. ओफेलियास अ. आ. (यातला एकही तुझ्या नवऱ्यापर्यंत पोचू देऊ नकोस.)

एकोणीस वर्षांपूर्वी तुझं लग्न ठरवताना बाबा म्हणाले होते, पोरगा कानोआचा असला तरी मितभाषी आहे आणि खातो कमी. मोलिनोचे गोलखांब स्वतःच्या हाताने रंगवणारा माणूस, पण माणसं ओळखण्यात कच्चा. तिबुर्सिओ उभा राहून, डोक्यावर मोलिनोची टोपी घालून माफी मागेपर्यंत मी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही. इथे कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवतो. तळलेल्या मिलानेसातली मांसाची चकती पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ मिळते, पण ती तोंड उघडून बोलत तरी नाही. जिना चढताना दम लागतो, तो त्या तेलानेच असणार. काळजीचं कारण नाही.

लोभ आहे तेवढा पुरे.
अन्सेल्मो

पायसान्दू, १ जुलै १९८८

दादा, नमस्कार-बिमस्कार राहू दे.

काळजीचं कारण नाही म्हणे! तुझ्या घरमालकिणीने फोन केला नसता, तर सोमवारी तुला पेसमेकर बसवताहेत हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळायचं होतं का? लेकीचे दिवस भरलेत, मला हलता येत नाही. मी रडत बसले, तेवढ्यात तिबुर्सिओने पिशवी भरली. रविवारी मोलिनो-कानोआ अंतिम सामना. पंधराव्या वर्षापासून त्याने एकही चुकवलेला नाही. मी आठवण करून दिली, तर म्हणाला, तुझा भाऊ एकटा पडलाय, त्याला छळायला कोणीतरी हवं.

हे पत्र त्याच्याच हाती देते. डॉक्टरांनी तुला रेडिओची बंदी केली आहे, ती पाळ. आणि भांडू नकोस रे.

ओफेलिया

सालतो, १४ जुलै १९८८

चि. ओफेलियास अ. आ., नातीला दुप्पट.

छातीतलं यंत्र चालू आहे. तुझ्या नवऱ्याचा हिशेब सांगतो. रविवारभर तो माझ्या खाटेशी बसून इस्पितळाच्या सुपाची निंदा करत होता आणि मधूनमधून पहारेकऱ्याच्या रेडिओकडे पळत होता. शेवटी तोंड पाडून आला. म्हणाला, मोलिनो दोन, कानोआ एक. विजयी गोल फिगेरेदोचा. असा फटका, की गोलरक्षक जागचा हलला नाही.

ओफेलिया, फिगेरेदोचा पाय तेव्हा पंधरा दिवसांपासून प्लास्टरमध्ये होता! त्या गाढवाला आमच्या संघातलं तेवढं एकच नाव ठाऊक. आपण तीन-शून्य हरलो, हे मला पुढे वर्तमानपत्रात दिसलं. पण तो खोटं बोलतोय हे त्याच क्षणी कळलं होतं. त्याची कानोआ जिंकली होती, गावात ढोल वाजत असतील, आणि हा इथे माझ्यासमोर हरल्याचं दुःख करत बसला होता.

त्याला यातलं काही सांगू नकोस. मी त्याला तो गोल तीनदा सांगायला लावला. तिसऱ्या खेपेला तर फिगेरेदोने चार जणांना चकवलं होतं.

लोभ आहे, या वेळी दोघांवरही.
अन्सेल्मोदादा