वर तीन की खाली तीन

श्रीरामपूर,
ता. १९ सप्टेंबर १९९८

आदरणीय दाजी यांना सहादेवचा सप्रेम जयभीम.

आम्ही इथे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? राजूरच्या पावसात ओल्या चपलांनी हिंडू नका असं ताईने बजावलं असेलच आणि तुम्ही ऐकलं नसेलच. तुमचं कार्ड मिळालं. वृषाली गणितात दोनदा नापास झाली, आता कॉम्प्युटरवरच्या चाचणीतही गचकली तर रविवारी येऊन दहावीतून नाव काढतो नि तिला घरी नेतो, हे वाचलं. (कार्डावर लिहिलंत, म्हणजे पोस्टमननेही वाचलं. तो मला धीर देऊन गेला.) भाची राहते माझ्याकडे, गणित शिकवतो मी, तेव्हा नापास कोण हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला समजलं. म्हणून चाचणीत काय झालं ते सविस्तर कळवतो. रागवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

सुप्याच्या एका कारखान्याने आमच्या शाळेला चार जुने कॉम्प्युटर दिले. हेडमास्तर कानिफनाथ सरांनी ते वायरीने एकमेकांना जोडून घेतले आणि जाहीर केलं, की आलेखाची चाचणी यंदा कागदावर नाही. मुलांनी माउसने पडद्यावर बिंदू द्यायचा, बरोबर की चूक ते यंत्रानेच सांगायचं. प्रश्न कोण तयार करणार? कॉम्प्युटरचा एकवीस दिवसांचा क्लास केलेला माणूस शाळेत एकच. (त्यातले नऊ दिवस लाइट नव्हती, हे मी सरांना बोललो नाही.) पंधरा दिवस खपलो. आधी यंत्र इतकं काटेकोर निघालं, की बिंदू तिळभर सरकला तरी 'चूक'. मग त्याला थोडं उन्नीस-बीस चालवून घ्यायला शिकवलं. अक्षांवरचे आकडे काही केल्या पडद्यावर उमटेनात, तेव्हा ते स्केचपेनने थेट काचेवर लिहिले. आमच्या शिपाईबाई लंकाबाई रोज सकाळी ते ओल्या फडक्याने पुसायच्या आणि वर मलाच सांगायच्या, "सर, पोरं लई घान करत्यात बगा." मी पुन्हा लिहायचो. शेवटी (३, ०) आणि (५, ०) असे दोन बिंदू देऊन पाहिले, दोन्ही बरोबर आले. मी खूश.

चाचणीला चाळीस मुलं, प्रश्न दहा, प्रत्येक प्रश्नाला दोन संधी. पहिला बिंदू (२, ३). उजवीकडे दोन, वर तीन, असा सगळ्यांनी चोख दिला. यंत्र म्हणे, चूक. मग दुसरी संधी. पोरांनी त्याच जागी माउस अजून जोरात दाबला! पुन्हा चूक. दहाही प्रश्नांना हाच प्रकार. दोन माउस कामातून गेले, आणि आमचा पहिल्या नंबरचा रामहरी हुंदके देऊन रडला. निकाल लागला तो असा: एकोणचाळीस जणांना शून्य आणि एकीला दहापैकी दहा. दाजी, ती एकटी म्हणजे आपली वृषाली!

पाव किलो पेढे आणले. पण पहिला पेढा तोंडात घातला नि डोक्यात किडा वळवळला. रामहरीला शून्य आणि हिला दहा? घरची पोर असली म्हणून काय झालं! बसलो तपासायला. तर हे येडं यंत्र पडद्याच्या वरच्या कडेपासून खाली मोजत येतं. तिथे मी वजाबाकी करायची, ती बेरीज करून बसलो होतो. वर तीन म्हटलं की ते खाली तीन धरायचं. माझे तपासणीचे दोन्ही बिंदू पडले आडव्या अक्षावरचे, तिथे वर काय नि खाली काय! अख्खा वर्ग बरोबर होता. चुकलो होतो मी, आणि माझ्या बाजूने उभी राहिली होती एकटी वृषाली.

झालं, निकाल फिरवला. एकोणचाळीस जणांना दहा, आणि प्रत्येकाचं शेवटचं उत्तर धरायचं म्हणून वृषालीला शून्य. काळीज तुटलं हो दाजी, तुमचा रविवार डोळ्यांपुढे आला. घरी येऊन तिला सांगितलं, तर पोरगी हसायलाच लागली. म्हणाली, "मामा, तीन वर दिलं तर चूक आलं. मग दुसऱ्या वेळी खाली देऊन बघितलं, तर बरोबर. तवाच कळलं, तुमचं यंत्र उलटं मोजतंय. पुढचे नऊ एका दमात दिले." मी ओरडलो, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "परीक्षेत बोललं की तुमी पेपर काढून घेता." खरं आहे, काढून घेतो.

ताईला व बाळगोपाळांना जयभीम. पेढे शिल्लक आहेत.

तुमचा मेहुणा,
सहादेव

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो तेच राहिलं. हात जोडतो, तिचं नाव काढू नका. 'चूक' म्हटलं की बाकीची पोरं मुकाट्याने तिथेच दाबत राहिली. दुसरीकडे दाबून बघावं हे चाळिसांत एकीला सुचलं. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि मला स्वतःची लाजही वाटते.

आणखी एक. ती नापास झाली त्या दोन चाचण्याही मीच काढल्या होत्या, म्हणून काल रात्री जेवण झाल्यावर तिचे पेपर पुन्हा काढले. दुसऱ्या चाचणीतल्या एका प्रश्नात मी आकडाच चुकीचा दिला होता. त्याचे चार मार्क धरले तर ती पास होते. त्या प्रश्नाशेजारी समासात तिने बारीक अक्षरात विचारलं होतं, 'सर, हा आकडा बरोबर आहे का?' आणि समासात लिहिलं म्हणून मी लाल पेनने तिचा आणखी एक मार्क कापला होता.